दोन रिकाम्या गाठी

आमच्या घरमालकीणबाईंनी हाती घेतलेलं एकही काम कधी उशिरा संपलं नाही, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटते. ती आहेच, पण फार थोडी. पुढे मास्तरकीवरून चांद्याच्या शाळाखात्याच्या कचेरीत माझी बदली झाली, तेव्हा सरकारने आम्हा कारकुनांना आठ दिवस एका मंडपात बसवून कामाचं नियोजन शिकवलं होतं. नागपूरहून आलेले साहेब फळ्यावर चौकोन काढत, चौकोनांना बाण जोडत आणि प्रत्येक बाणानंतर चष्मा पुसून आमच्याकडे बघत. बाकीचे सगळे भराभर उतरवून घेत होते. मी तेवढा हाताची घडी घालून बसलो होतो, कारण हे सगळं मी वैनगंगेच्या काठी, मासळीच्या वासात, एका सही न येणाऱ्या बाईकडून आधीच शिकून आलो होतो, आणि तेही घरभाड्यातच.

पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं. नदीच्या पूर्वेकडच्या एका लहानशा गावात मी शाळामास्तर होतो. नुकतं लग्न झालेलं, नागपूरची हवा डोक्यात, आणि मॅट्रिक पास असल्याचा अभिमान चालण्यातही दिसायचा. गावात भाड्याने खोली मिळाली ती या बाईंकडे. बाई ढिवराच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या मासळी आणि नाव यांवर पोट भरणाऱ्या घरातल्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. अंगाने इतक्या बारीक की मासळीची टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या म्हणजे टोपलीच चालली आहे असं वाटावं. कमरेला सदा जाळ्याच्या सुताचा गुंडा खोचलेला. बोलता बोलता हात जाळं विणत असायचे. तीन वर्षांत त्यांना भिंतीला पाठ टेकून बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. झोपत होत्या की नाही, याबद्दल मी आणि माझी बायको यांच्यात मतभेद होते.

त्यांची पहिली खोड अशी, की त्यांना कोणत्याही गोष्टीचा शेवट आधी लागायचा. गावात दंडार उभी राहिली की खेळ सुरू व्हायच्या आधी त्या पडद्यामागे जाऊन राजाचं सोंग घेतलेल्याला गाठत आणि शेवटी कोण मरतं ते विचारून येत. मग म्हणत, "आता ठीक हाय, आता पाहतो." मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं की शाळेच्या मागे भाजीची बाग करायचा माझा विचार आहे. बाईंनी विचारलं, झाल्यावर काय दिसेल? मी म्हटलं, सगळं हिरवंगार दिसेल. त्यावर त्यांनी जाळ्यातून मान वर केली आणि म्हणाल्या, "हिरवंगार तं पडीतबी रायते, मास्तर. वांगे किती, ते सांगा." मला वांग्यांचा आकडा सांगता आला नाही, आणि त्यामुळे ती बाग अजूनही व्हायची आहे.

दुसरी खोड, एक काम त्या दोघांना कधी सांगत नसत. मी वर्गातल्या सगळ्या मुलांना मिळून पिण्याचं पाणी भरून ठेवायला सांगत असे, आणि माठ नेमका कोरडा असे. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने भरलं असेल. मी मुलांवर चिडलो तर बाई माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, "दोघांले सांगतलं का कोनालेच सांगतलं नाई." तेव्हापासून माठाला एकच मुलगी नेमली आणि माठ भरलेला राहू लागला. हे इतकं सोपं होतं की मला त्याचा थोडा रागच आला.

पण बाईंची खरी विद्या होती गाठींची. काम ठरलं की त्या कमरेचं सूत काढत, आणि ज्या दिवशी काम संपलं पाहिजे तिथपासून उलट्या मोजत मोजत आजपर्यंत येत. एका दिवसाची एक गाठ. ज्याला ज्या दिवशी हजर व्हायचं असेल त्याला तेवढ्याच गाठींची सुतळी घरपोच जायची. त्याने रोज सकाळी तोंड धुतल्यावर एक गाठ सोडायची, आणि शेवटची सुटली की हत्यारं घेऊन निघायचं. लग्नकार्याला असं सूत पाठवायची चाल त्या जंगलमुलखात आधीपासून होतीच. बाईंनी ती कामाला जुंपली एवढंच. स्वतःजवळच्या मुख्य सुतात मात्र त्या शेवटच्या दिवसाच्या आधी दोन गाठी जास्तीच्या मारत. त्या दोन दिवसांवर कोणाचंच काम नसे. मी विचारलं, हे दिवस कशाचे? तर म्हणाल्या, रिकामे. मी म्हटलं, रिकामे काऊन? मला त्यांची बोली येते हे दाखवायला मी मधूनमधून काऊन म्हणत असे. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाठ आणखी घट्ट ओढली. मी मॅट्रिक असल्याने त्यांना माझी कीव येत असावी.

आता मुख्य गोष्ट. आमचं पहिलं मूल आम्ही गमावलं होतं. घरीच बाळंतपण झालं होतं, अडलं, आणि वेळेत कोणी जाणतं माणूस मिळालं नाही. त्यामुळे त्या वर्षी बायकोला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंदाच्या आधी भीतीच घरात आली. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून बजावलं होतं की हे बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे. दिवस भरत होते गणपतीच्या सुमाराला, म्हणजे नदी दुथडी भरलेली असते तेव्हा. उन्हाळ्यात वैनगंगा पायी ओलांडता येते, पण तेव्हापासून जाऊन राहावं तर ब्रह्मपुरीत आमच्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. बायकोला आई नव्हती. आणि गावाची एकुलती एक नाव आदल्या पुरात फुटून गेली होती. तिची एक फळी तेवढी बाईंच्या दाराशी पाय धुवायला ठेवलेली होती.

मी नशिबाला दोष देत बसलो होतो. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे शेवटापासून सुरुवात केली. गणपतीला बाळ, म्हणजे पोळ्याला पोरगी नदीपार. पोळ्याला नदीपार, म्हणजे त्याआधी नाव पाण्यात. नाव पाण्यात जायची तर आधी फटी बुजवून डांबर, त्याआधी फळ्यांची जोडणी, त्याआधी फळ्या वाळलेल्या, त्याआधी चिरलेल्या, त्याआधी झाड, आणि झाडाच्याही आधी जंगलखात्याचा कागद. म्हणता म्हणता त्यांचं सूत गुडघ्यावरून खाली लोंबायला लागलं. तेव्हा होळी नुकतीच झाली होती. मला वाटलं होतं, केवढा वेळ आहे. सुताकडे पाहिलं आणि मी उठून चपला शोधायला लागलो.

गावाने तो उन्हाळा बाईंच्या हुकमात काढला. कागदाचं काम एकट्या माझ्यावर. मी तीन खेपा घालून साहेब दौऱ्यावर असल्याची बातमी आणत होतो. चौथ्या खेपेला बाई स्वतः बरोबर आल्या, मासळीची टोपली घेऊन कचेरीच्या पायरीवर उभ्या राहिल्या, आणि साहेब दौऱ्यावरून आतल्या खोलीतून बाहेर आले. साग पाडला, चिरला, फळ्या सावलीत एकावर एक रचल्या. मला घाई झाली होती. मी म्हटलं, फळ्या उन्हात टाकल्या तर लवकर वाळतील. बाई म्हणाल्या, लाकडाचे दिवस लाकूडच ठरवतं, ते तुमचं ऐकत नाही. तोवर लोहाराकडून खिळे करून घ्या. लाकूड वाळेस्तोवर खिळे झाले, वल्ही झाली, डांबराचं पिंप ब्रह्मपुरीहून नदी कोरडी असतानाच बैलगाडीने आलं. मंडपातल्या साहेबांनी याच गोष्टीसाठी फळ्यावर सगळ्यात जाड बाण काढला होता.

बिघडलं ते फक्त वाढईभाऊंच्या बाबतीत. हे सुतार नदीकाठच्या दुसऱ्या गावचे, फार गुणी आणि फार आज्ञाधारक. त्यांना वीस गाठींची सुतळी गेली होती. दहाव्या दिवशी सकाळी ते करवत, रंधा, वाकस सगळं घेऊन बाईंच्या छपरीत हजर. फळ्या ओल्या, आणि भाऊ म्हणतात माझ्या गाठी संपल्या. बाईंनी सुतळी मागून घेतली, गाठ एकही उरली नव्हती. बराच वेळ उलटतपासणी झाल्यावर उलगडा झाला. भाऊ रोज तोंड धुवून एक गाठ सोडत, आणि ते बाहेर पडले की त्यांची बायको, आपला नवरा विसराळू आहे हे जाणून, काळजीने दुसरी सोडत असे. दोघांनीही एकही दिवस चुकवला नव्हता. भाऊंचा चेहरा रडवेला झाला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भाऊंना जेवायला वाढलं आणि पुढचे दहा दिवस त्यांच्याकडून शाळेचा मोडका दरवाजा, तीन बाकं आणि एक पाळणा करून घेतला. पाळणा कशाला, असं बायकोने दबकत विचारलं, कारण आम्ही दोघं त्या विषयावर बोलायचंच टाळत होतो. बाई म्हणाल्या, "काऊन? शेवट तं तोच हाय ना, पोरी." त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझी बायको हसली.

नाव तयार झाली ती बरोबर ठरल्या दिवशी, पोळ्याच्या दोन दिवस आधी. आणि इथे माझं शहाणपण उफाळून आलं. एवढी गावाने श्रमाने बांधलेली नाव, ती गुपचूप पाण्यात कशी ढकलायची? मी तालुक्याच्या साहेबांना उद्घाटनाचं आमंत्रण देऊन बसलो होतो, आणि साहेबांनी पोळ्याच्या दिवशी येण्याचं कबूल केलं होतं. साहेबांचं भाषण मीच लिहिलं होतं. त्यात माझाही उल्लेख होता. मी बाईंना पटवायला गेलो की तुमच्या त्या दोन गाठी रिकाम्याच आहेत, तर दोन दिवस नाव काठावर राहू द्या, हार घालू, ढोल लावू. बाई डांबराने माखलेले हात पुसत होत्या. म्हणाल्या, "साहेब काई बाळंत होऊन नाई राह्यला." आणि त्याच दुपारी त्यांनी चार माणसं लावून नाव पाण्यात ढकलली. मी तोंड फुगवून घरी आलो. आज हे लिहितानाही मला त्या फुगलेल्या तोंडाची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्याला एक दिवस असताना, माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. नाव काठावर असती तर ती ढकलायला माणसं गोळा करायची, ती पाझरते का ते पाहायचं, पाझरली तर उपसून पुन्हा डांबर भरायचं, यात दिवस गेला असता. ती मात्र रात्रभर पाण्यात राहून, जे काय पाझरायचं ते पाझरून, फळ्या फुगून घट्ट होऊन बसली होती. त्या रिकाम्या दिवसात नावेने आपलं काम केलं होतं, फक्त कोणाला दिसलं नव्हतं. नदी गढूळ, फुगलेली, मधेच झाडाचं खोड वाहत येत होतं. मागच्या वल्ह्यावर बाई स्वतः बसल्या. पुढचं वल्हं गावातच राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याकडे. वाढईभाऊ पोळ्याच्या आमंत्रणावरून आलेले होते, त्यांना त्यांनी हातात बांबू देऊन वाहत येणारी लाकडं लोटायला उभं केलं. मी कधी वल्हं धरू पाहत होतो, कधी पाणी उपसू पाहत होतो. बाईंनी मला नावाजल्यासारखं जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमाले एकच काम. तिचा हात धरा. दुसरं काई करू नका." मी ते काम केलं. मला वाटतं, त्या सबंध नियोजनात मी नीट केलेलं तेवढंच.

दुपारी दवाखान्यात आमची मुलगी झाली. पुन्हा अडलंच होतं. डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, तुम्ही उद्या आला असतात तर मी काही करू शकले नसते. मी बाहेर आलो तर बाई पायरीवर जाळं विणत होत्या. मी त्यांच्या पाया पडलो आणि तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी माझी दया येऊन विषय बदलला. कमरेचं सूत काढून त्या दोन गाठी मला दाखवल्या आणि सोडून टाकल्या. म्हणाल्या, "माये दोन दिवस तुमच्या पोरीनं खाल्ले. कवातरी येईन घ्यायले." साहेब दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आले आणि त्यांनी आधीच चालू झालेल्या नावेचं उद्घाटन केलं. भाषण ऐकायला मी नव्हतो.

पुढे माझी चांद्याला बदली झाली. मुलगी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, एका सकाळी दाराशी टोपली उतरल्याचा आवाज आला. बाई एकट्या, सुकटीची पुरचुंडी घेऊन, कोसन्‌कोस पायी आणि मग मोटारीने आल्या होत्या. बायकोने घाबरून विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, काही नाही, दोन दिवस घ्यायला आले. आणि त्या आमच्या ओसरीत भिंतीला पाठ टेकून बसल्या. कमरेला सूत नव्हतं. दोन दिवस त्यांनी काही म्हणता काही केलं नाही. वाटी उचलली नाही, जाळं मागितलं नाही, कोणाला काम सांगितलं नाही. माझी मुलगी त्यांच्या पायांना तेल लावत होती, आणि त्या डोळे मिटून तिला विचारत होत्या की शाळेत शेवटी काय शिकवतात. तिसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने त्या निघाल्या. मी म्हटलं, बाई, आणखी राहा. त्या म्हणाल्या, दोनच होते.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. त्या गेल्याचा निरोप आला तोही दिवसकार्य आटोपल्यावर, उशिरा. मी अजून कोणतंही काम ठरवलं की शेवटी दोन दिवस रिकामे ठेवतो. कचेरीतले लोक विचारतात, हे कशाचे? मी म्हणतो, रिकामे. बहुतेक वेळा ते दिवस वापरावे लागत नाहीत, तसेच उरतात. मग त्या दोन्ही दिवशी सकाळी मी ओसरीत भिंतीपाशी एक चटई टाकून ठेवतो.