शेजाऱ्याच्या गटाराचा फोटो

मंडळी, खरं सांगतो, मी संतोषवर जळतो. थेरगावात आमची टू-व्हीलरची गॅरेजं शेजारी शेजारी आहेत. तो माझ्यानंतर आला, तरी गाड्यांची रांग त्याच्याच दारात.

परवा त्याच्या दुकानासमोरच्या पावसाळी गटाराच्या जाळीवर तेलाचा तवंग दिसला. मी लगेच फोटो काढून महापालिकेकडे तक्रार टाकली, की हा काळं ऑइल गटारात सोडतो.

आज दुपारी आरोग्य निरीक्षक आले. संतोषनं ऑइलचा झाकण लावलेला ड्रम दाखवला. सांडलेल्या ऑइलवर तो लाकडाचा भुसा टाकतो, तोसुद्धा पोत्यात भरून ठेवलेला.

साहेबांनी मोबाइलवर माझाच फोटो मोठा केला. कोपऱ्यात माझ्या दारातली बादली होती. चेन धुतलेलं काळं डिझेल मी नेहमीसारखं ओतून दिलेलं, आणि त्याचा ओघळ थेट त्या जाळीपर्यंत गेलेला.

"हे दुकान कुणाचं?"

नोटीस मला मिळाली.

साहेब गेल्यावर संतोष भुशाचं अर्धं पोतं घेऊन आला. "घे भाऊ, आधी मीपण तसंच ओतायचो."

तक्रार कुणी केली, हे त्यानं विचारलंच नाही. त्यामुळे आता आणखी जळतोय. अशा माणसाचा शेजार तुम्हाला झेपला असता का?