आहेरात आलेला ड्रायव्हर

"बॉल गेला कुठं वं मॅडम?"

मंदाताई डोळ्यांवर आडवा हात धरून समोर बघत होत्या. समोर नुसतं गवत होतं. मी उजवीकडे बोट दाखवलं. तिकडे प्रॅक्टिसच्या मैदानाची जाळी होती, जाळीपलीकडे पार्किंग होतं आणि पार्किंगमधून नुकताच टण्णकन आवाज आला होता. बॉल एका गाडीच्या टपावर पडला होता. त्यातल्या त्यात बरं म्हणजे गाडी माझीच होती.

मी गोल्फ शिकवते. नागपूरच्या बाहेर एक गोल्फ कोर्स आहे, तिथे. शिवाय तिथल्या दुकानात लोकांना त्यांच्या अंगाला बसतील अशा स्टिक्स निवडून देते. आमच्या धंद्यात याला फिटिंग म्हणतात. टेलर ब्लाउजचं माप घेतो, तसंच साधारण. फरक इतकाच की ब्लाउज घट्ट झाला तर बाई टेलरला धरते आणि स्टिक चुकली तर स्वतःलाच दोष देत बसते.

मंदाताईही तेच करत होत्या. "माह्याच हात वाकडा हाये," असं प्रत्येक शॉटनंतर म्हणत होत्या. मला मात्र त्यांच्या हातापेक्षा हातातल्या ड्रायव्हरचा संशय यायला लागला होता.

ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. बॅगेतली सगळ्यात लांब स्टिक. तिचं डोकं भरताच्या वांग्यासारखं फुगीर असतं. होलची, म्हणजे एकेका खळग्यापर्यंतच्या खेळाची, सुरुवात करताना बॉल एका खुंटीवर ठेवून या स्टिकने लांब मारायचा. नवशिक्याची सगळ्यात जास्त फजिती हीच स्टिक करते आणि नवशिक्याला सगळ्यात आधी मारायची असते तीही हीच.

मंदाताईंच्या हातातला ड्रायव्हर बघून मी पहिल्या दिवशी चाटच पडले होते. स्पर्धा खेळणारे लोक वापरतात तसला माल. काळाकुळकुळीत, चकचकीत, डोकं जरा लहान. असला ड्रायव्हर आमच्या दुकानातही ठेवत नाहीत.

"कुठून घेतला हा?"

"घेतला नाही. आहेरात आला."

मंदाताईंचा नागपुरातल्या नंदनवन भागात सावजी मसाल्याचा उद्योग आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं, रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या घरात. मुलीच्या सासूबाई, म्हणजे मंदाताईंच्या विहीणबाई, निर्मलाताई. त्या भूलतज्ज्ञ आहेत आणि आमच्या कोर्सवरच्या चांगल्या खेळाडूंपैकी एक. लग्नात त्यांनी विहिणीला शालू दिला नाही, चांदी दिली नाही, हा ड्रायव्हर दिला. लांबलचक खोकं बघून मांडवातल्या लोकांना वाटलं, उभी समई आहे.

"त्या म्हणाल्या, मंदाताई, मसाला बम झाला, पुष्कळ झाला, आता माह्यासोबत खेळाले चला," मंदाताई सांगत होत्या. "मले वाटलं गंमत करून राहिल्या. एक दिवस आली, मारून पाहिलं. अन् मॅडम, काय सांगू तुमाले, मले तर नादच लागला!"

नाद लागला होता हे दिसत होतंच. सकाळी मी यायच्या आधी बाई हजर असत. पण त्या ड्रायव्हरने एक बॉल धड जात नव्हता. सगळे उजवीकडे, केळ्यासारखे वळून. आम्ही याला स्लाइस म्हणतो.

मी स्पष्टच सांगितलं. "मंदाताई, हा ड्रायव्हर तुमच्यासाठी नाही. बाजूला ठेवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुलीलाच माहेरी आणून ठेवा म्हणाले होते.

"आहेराचं बाजूला ठेवू? विहीणबाईचा आहेर? येत्या रविवारी फॅमिली टुर्नामेंट हाये. त्याईनं आमच्या दोघींचं नाव देल्लं, जोडीत. सगळं व्याह्याचं घर येणार. मी दुसरीच स्टिक काढली तर त्या म्हणतील, आमचा आहेर पसंत नाही पडला. अन् हीच काढली तर बॉल जाईल पार्किंगमध्ये. दोन्हीकून हसं माह्या पोरीचं होते. नवीन नवरी हाये वं ती त्या घरात."

"मग खेळू नका."

"काहून नको खेळू?" बाई उसळल्याच. "मले आवडते ना!"

मला हसू आलं आणि एकदम त्यांच्याबद्दल मायाही वाटली. म्हटलं, आहेर, विहीण, पोरगी, सगळं अर्धा तास विसरा. आधी बघू या अडतंय कुठे.

मी बेबी पावडरची डबी काढली. हे आमचं जुनं हत्यार. ड्रायव्हरच्या तोंडावर पावडर भुरभुरायची आणि बॉल मारायचा. बॉल जिथे लागला तिथली पावडर पुसली जाते, डाग उठतो. बरोबर मध्यावर लागला तर उत्तम. त्या जागेला स्वीट स्पॉट म्हणतात. मंदाताईंचे डाग स्वीट स्पॉट सोडून सगळीकडे होते. एक टोकाला, एक दांड्याजवळ, एक पार वरच्या कडेवर.

यात त्यांचा गुन्हा काही नाही. नवशिक्याचे डाग असेच उठतात. पण आहेराचा ड्रायव्हर डोक्याने लहान, त्यामुळे बॉल मध्यावर लागला नाही की डोकं हातात फिरतं. त्याचा लॉफ्ट कमी, म्हणजे त्याचं तोंड आभाळाकडे कमी झुकलेलं. त्यामुळे बॉल उचलला जात नाही आणि बाजूला जास्त वळतो. वर शाफ्ट, म्हणजे दांडा, एकदम कडक. फार जोरात फिरवणाऱ्याच्याच हातात तो कामाला येतो. थोडक्यात, हा ड्रायव्हर एकही चूक माफ करत नाही.

नवशिक्याला उलट हवा असतो. इंग्रजीत त्याला फरगिव्हिंग म्हणतात. मराठीत मी म्हणते, चुका पोटात घालणारा.

मी दुकानात गेले. आमचे बॉस काउंटरवर होते.

"मंदाताईंसाठी मागच्या सीझनचा तो मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर काढा."

"मॅडम, त्यायच्याजवळ टॉपचा माल हाये. तुम्ही मागच्या सीझनचा दाखवून राहिल्या?"

"टॉपचा आहे म्हणूनच."

"अन् हा लेडीजवाला? गुलाबी? हलका हाये एकदम."

बरं म्हटलं, तोही द्या. पुष्कळ दुकानदार बाई दिसली की गुलाबी काढतात. गुलाबीचा दांडा इतका नरम होता की मंदाताईंनी फिरवला आणि डोकं मागेच राहिलं. बॉल वर गेला, अगदी वर, आणि जवळजवळ आमच्याच डोक्यावर आला. मसाल्याची पोती उचललेले हात आहेत ते. त्यांना लेडीज म्हणून काहीही देऊन चालणार नव्हतं. कडक दांडा नको होता, पण असला लेचापेचाही नको होता.

मग तिसरा. नियमात बसेल तेवढं मोठं डोकं, वजन मागच्या बाजूला, म्हणजे बॉल कडेला लागला तरी डोकं फिरत नाही. लॉफ्ट भरपूर. दांडा मधल्या ताकदीचा, आणि लांबीला मी थोडा आखूड करून घेतला. दांडा आखूड असला की बॉल मध्याच्या जवळ लागतो. लोक उगाच लांब दांड्याच्या मागे लागतात.

"आणि वरून खाली हाणू नका," मी म्हटलं. "तुम्ही मिरच्या कुटल्यासारखं मारता. अंगण झाडता ना, तसा फिरवा."

त्यांनी पाय रोवले. दीर्घ श्वास घेतला. फिरवला.

बॉल सरळ गेला.

जरासा उजवीकडे झुकला असेल, पण गेला सरळ, आणि जातच राहिला. दूरवर दोन टिटव्या ओरडत उडाल्या. मंदाताई ड्रायव्हर तसाच खांद्यावर धरून उभ्या होत्या.

"गेला!" त्या ओरडल्या. "अवं गेला ना वं! सरळ गेला!"

मीही ओरडले. इतकी वर्षं शिकवते आहे, पण कुणाचा पहिला सरळ ड्राइव्ह गेला की मला अजूनही राहवत नाही. शेजारी प्रॅक्टिस करणारे एक रिटायर्ड साहेब दचकले आणि त्यांचा बॉल खुंटीवरून पडला.

मग सुरूच झालं. आणखी एक. आणखी एक. थोड्या वेळाने मंदाताईंनी स्टिक उलटी करून तोंड पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, डाग तर तसेच हायेत. कडेलेच लागून राहिलं. मी तर चुकतच हाये."

"चुकताच आहात. फक्त हा ते पोटात घालतो."

त्यांनी विचार केला. "अशी सासू पायजे होती मले," म्हणाल्या.

ड्रायव्हर त्यांनी त्याच दिवशी घेतला. पण आहेराचं कोडं तसंच होतं.

रविवारी सकाळी व्हरांडा गच्च भरला होता. तर्री पोह्याच्या बशा फिरत होत्या. मी स्टार्टर होते, म्हणजे नावं पुकारून एकेकाला खेळायला सोडायचं काम. स्पर्धा जोडीची होती. जोडीत बॉल एकच, आळीपाळीने मारायचा. पहिल्या होलची सुरुवात एकीने करायची, दुसऱ्याची दुसरीने. बॅगही जोडीला एकच, दोघींच्या मिळून चौदाच स्टिक्स.

मंदाताईंनी बॅगेत दोन्ही ड्रायव्हर घातले होते. आहेराचा दिसावा म्हणून आणि आपला मारावा म्हणून.

"मंदाताई, पहिला शॉट तुमचा," निर्मलाताई हौसेनं म्हणाल्या. "काढा आपला ड्रायव्हर. सगळ्यांना बघू द्या."

पहिल्या होलला समोरच नाला आहे. मागे व्हरांड्यात व्याह्यांचं सगळं गणगोत. मुलगी सासूच्या मागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मंदाताईंचा हात बॅगेवर गेला, एका कव्हरवर टेकला, मग दुसऱ्यावर.

मग त्या वळल्या.

"विहीणबाई, खोटं नाही बोलत. तुम्ही देल्लेला ड्रायव्हर मले बम आवडते. पण त्याले मी नाही आवडत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. निर्मलाताई हसल्या नाहीत. "म्हणजे? पसंत नाही पडला?"

"मले झेपत नाही तो. हा शिकाऊ लोकायचा घेतला मी. आज यानंच मारते. राग नका धरू."

निर्मलाताई बाजूला सरल्या. मुलीने मान खाली घातली. मंदाताईंनी बॉल खुंटीवर ठेवला. मी मनात म्हटलं, अंगण झाडा, बाई, फक्त अंगण झाडा.

आवाज वाईट आला. पार दांड्याजवळ लागला होता. तसला बॉल आहेराच्या ड्रायव्हरने मारला असता तर सरळ नाल्यात गेला असता. हा गेला जरा खालून, पण नाला ओलांडून पलीकडच्या गवतात टप्पे खात मधोमध जाऊन थांबला. व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. मुलीने तर शिट्टीच मारली आणि मग सासूकडे बघून तोंडावर हात ठेवला.

हा शेवटचाच गट होता. माझं काम संपलं होतं. मी कार्ट, म्हणजे मैदानावरची बॅटरीची गाडी, घेतली आणि त्यांच्या मागे निघाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत निर्मलाताई नव्हत्या, ते मला टोचत होतं.

दुसऱ्या होलला सुरुवात निर्मलाताईंची. त्या बॅगेपाशी गेल्या आणि थांबल्या. त्यांनी स्वतःचा ड्रायव्हर आणलाच नव्हता, चौदा स्टिक्सच्या हिशेबात बसेना म्हणून. मोठ्या डोक्याच्या शिकाऊ ड्रायव्हरला त्यांनी हात लावला नाही. आहेराच्या ड्रायव्हरचं कव्हर मात्र हळूच काढलं आणि त्याच्या काळ्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"हा मी दिल्लीत पाहिला होता," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "माझ्यासाठी. दोनदा हातात घेऊन परत ठेवला. म्हटलं, या वयात कशाला. मग लग्न ठरलं. वाटलं, आपल्याला जे सगळ्यात जास्त आवडलं, तेच विहीणबाईंना द्यावं."

मंदाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग मारा ना! काहून थांबल्या?"

"तुमचा आहे तो. दिलेला आहेर कोणी परत घेतं का?"

घेणं शक्य नाही, देणं शक्य नाही. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्टमध्येच उभी राहिले.

"परत घेऊच नका!" मी जवळजवळ ओरडलेच. "नियमच आहे तसा. जोडीत खेळताना बॅग एक, स्टिक कुणाचीही असो, दोघींपैकी कोणीही मारू शकते. ड्रायव्हर मंदाताईंचाच राहू द्या. तुम्ही फक्त मारा."

निर्मलाताईंनी मारला.

तसा आवाज मी फार कमी वेळा ऐकला आहे. भरलेला, गोल. बॉल आधी खाली राहिला, मग उचलला गेला आणि झाडांच्या शेंड्यांवरून असा गेला की आम्ही तिघी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मग दोन विहिणी एकमेकींचे हात धरून लहान पोरींसारख्या उड्या मारायला लागल्या.

त्या जिंकल्या नाहीत. पुढच्याच होलला दोघींनी मिळून दोन बॉल तळ्यात घातले आणि नंतर स्कोअरकडे कुणी लक्षही दिलं नाही. पण व्हरांड्यात परत आल्या त्या हातात हात घालून, आणि सासू सुनेला सांगत होती, "तुझी आई स्पष्ट बोलते हं. मला आवडलं."

आहेराचा ड्रायव्हर आजही नंदनवनात, मंदाताईंच्या बॅगेत आहे. निर्मलाताईंना तो मारायची हुक्की आली की विहीणबाईंना फोन करावाच लागतो. दर रविवारी येते हुक्की.

दुकानात कोणी "सगळ्यात भारी ड्रायव्हर दाखवा" म्हणालं की मी आधी विचारते, मारणार कोण? नवशिका असेल तर मोठ्या डोक्याचा देते, भरपूर लॉफ्टचा, दांडा आखूड. आहेरासाठी हवा असेल तर म्हणते, स्वतःला आवडेल तोच घ्या. फक्त नुसता देऊन मोकळं होऊ नका, जोडीने खेळायला जा.