एकशेऐंशी आणि कर्नलसाहेब

शालन ओव्हाळ टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बाविसाव्या वर्षी लागल्या आणि साठाव्या वर्षी सुटल्या. मधल्या काळात सगळं जग त्यांच्या कानावरून गेलं. आधी परगावचा प्रत्येक फोन त्यांच्यासारख्या बायकांच्या हातून जोडला जाई. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, लोक आपले नंबर आपणच फिरवू लागले, आणि शालनताईंची बदली चौकशी विभागात झाली. पुढे मोबाइल आले आणि चौकशीलाही कुणी उरलं नाही. शेवटच्या वर्षी दिवसाला चार फोन यायचे, त्यातले दोन चुकून.

निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या घरात बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता. नवरा संभाजीराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेले. ठिणगी पडू द्यायची नाही, हा तिथला नियम त्यांनी संसारालाही लावला होता. मुलगी मैत्री खराडीच्या एका कंपनीत होती; ती घरी यायची ती कानात वायर घालून, बोलतच, आणि बोलणं संपलं की झोपायची.

एका रविवारी मैत्रीनेच आपला जुना लॅपटॉप आईपुढे ठेवला. "आई, इथे मराठीत लिहिता येतं. भांडायला माणसंही आहेत. बघ."

ते दोन हजार तेरा साल होतं आणि त्या संस्थळाचं नाव 'तंत्रकट्टा'. तिथे कुणीतरी बातमी टाकून धागा काढायचा: अमुक फोन आला, तमुक कंपनीने माणसं काढली, सरकार इंटरनेटसाठी नवा नियम आणतंय. खाली लोक प्रतिसाद द्यायचे. विषय कुठलाही असो, पन्नासाव्या प्रतिसादाला गाडी हेल्मेटसक्तीवर यायची आणि तिथून हलायची नाही.

नाव नोंदवताना 'शालन' हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय, असं यंत्राने सांगितलं.

"कुणी घेतलं?" शालनताईंनी विचारलं. "चौकशी तर करू दे."

"आई, काहीतरी आकडा घाल ना."

शालनताईंनी '१८०' एवढंच टंकलं. ट्रंक कॉल नोंदवायचा नंबर तो. बावीस वर्षं त्या तेच होत्या. त्यांना ते आडनावासारखं वाटलं. तंत्रकट्ट्यावरच्या पोरांना मात्र एकशेऐंशी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. काहींना वाटलं, हा बुद्ध्यांक असणार. काहींना वाटलं, हा गृहस्थ नेहमी उलट मत देतो, म्हणून एकशेऐंशी अंश. आठवड्याभरात सगळे त्यांना '१८० सर' म्हणू लागले. शालनताईंनी दुरुस्ती केली नाही. फोनवरही त्यांना कुणी नाव विचारलेलं नव्हतं.

त्यांचे प्रतिसाद एका ओळीचे असत. "आपण बातमी वाचलीत, की मथळ्यावर भागवलंत?" किंवा, "आपला मुद्दा कळला. दुसऱ्यांदा सांगितलात तेव्हाच कळला होता." वाद फार लांबला की लिहायच्या, "तीन मिनिटं झाली." ट्रंक कॉलवर तीन मिनिटं संपली की ऑपरेटर असंच सांगे, इथे मात्र तो शेवटचा शब्द मानला जाऊ लागला.

फक्त एक सभासद त्यांना जुमानत नव्हता. त्याचं नाव 'कर्नलपॅनिक'. पॅनिक म्हणजे काय ते शालनताईंना नीट लागलं नाही, पण कर्नल म्हटल्यावर त्यांनी आदर राखला. त्यांचा मोठा भाऊ महार रेजिमेंटमध्ये सुभेदार होता. त्या लिहायच्या, "कर्नलसाहेब, आपण सीमेवर उभे राहिलात, आपलं मत वेगळं असणारच." तो लिहायचा, "सर, मी फक्त खराडीच्या सिग्नलला उभा राहतो." शालनताईंना वाटलं, निवृत्तीनंतर सिक्युरिटी एजन्सी काढली असेल. पुष्कळजण काढतात.

पुढच्या वर्षी सरकारच्या एका खात्याने एक मसुदा काढला. फोनवरच्या अ‍ॅपवाल्यांनी लोकांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवाव्यात, 'आवश्यक तितका काळ' ठेवाव्यात, आणि नागरिकांनी यावर महिन्याभरात हरकती कळवाव्यात. तंत्रकट्ट्यावर भडका उडाला. कर्नलपॅनिकने तीन पानी प्रतिसाद लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "काळ्या फोनच्या जमान्यात खरं स्वातंत्र्य होतं, तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नव्हतं."

शालनताईंनी ते दोनदा वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन भाताखालचा गॅस बंद केला. मग येऊन लिहिलं, "कर्नलसाहेब, मी ऐकत होते."

त्या दिवशी त्यांनी आयुष्यातला सगळ्यात लांब प्रतिसाद लिहिला. फोन जोडल्यावर आवाज नीट जातोय का हे तपासायला दोन वाक्यं ऐकावी लागत, असं त्यांनी लिहिलं. दोन वाक्यं नियमाने, तिसरं स्वभावाने. एकदा, सन शहाऐंशीत, वसतिगृहातल्या एका मुलाने मराठवाड्यातल्या आपल्या गावच्या दुकानात फोन लावला होता. वडिलांना बोलावून आणलं होतं. लाइन इतकी खराब की बापाला पोराचं काही ऐकू येईना. मधल्या शालनताईंना मात्र दोघांचंही येत होतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, "तो म्हणतोय, नापास झालो."  बाप म्हणाला, "बाई, त्याला सांगा, जेवून घे म्हणावं." शालनताईंनी सांगितलं. पलीकडून पोराचा आवाज फुटेना, तेव्हा बापाला त्यांनी स्वतःच्या मनाने कळवलं, "हो म्हणतोय."

"हे मी आजवर घरीही सांगितलं नव्हतं," त्यांनी लिहिलं. "आज सांगतेय, पण त्याचं नाव मी विसरले आहे. आपलं यंत्र उलटं करील. ते नाव लक्षात ठेवील आणि वाक्य विसरेल. म्हणून माणसाने ऐकणं आणि यंत्राने ऐकणं एक नव्हे. 'आवश्यक तितका काळ' म्हणजे सरकारी भाषेत कायमचा. मी अडतीस वर्षं त्याच भाषेत नोकरी केली आहे."

या धाग्यावर कुणीही हेल्मेटचा विषय काढला नाही. तंत्रकट्ट्याच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं. प्रतिसादातलं 'होते' आणि 'विसरले' पोरांनी टंकनदोष मानलं, बापाने 'बाई' म्हटलं ते खराब लाइनमुळे; सर ते सरच राहिले.

दोन दिवसांनी ठरलं की सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं आणि मिळून हरकत लिहायची. जागा स्वारगेटजवळचं एक उपाहारगृह. शालनताई इस्त्रीची साडी नेसून वेळेआधी पोचल्या. आत एका टेबलाशी पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, ताठ बसलेले एक गृहस्थ होते. शालनताई थेट त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"नमस्कार कर्नलसाहेब. मी एकशेऐंशी."

गृहस्थांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "पण माझा टोकन नंबर बासष्ट आहे. पार्सलला इतका उशीर होतो हे माहीत नव्हतं."

शालनताई बसल्या. दहा मिनिटं दोघांनी नियमावर चर्चा केली. गृहस्थांचं मत पडलं की नोंदी ठेवाव्यातच, त्यांच्या सुनेच्या तर नक्की. मग मिसळीचं पार्सल आलं आणि ते उठून गेले. एव्हाना पलीकडच्या टेबलावर जमलेली सहा पोरं '१८० सर' कधी येणार म्हणून दाराकडे बघत होती. शालनताईंनीच जाऊन विचारलं, "तंत्रकट्टा तुम्हीच का?"

"हो काकू. कुणाच्या आई तुम्ही?"

"कर्नलपॅनिकना बोलवा. मी एकशेऐंशी."

 कोपऱ्यातला सव्वीस वर्षांचा, चष्म्याचा, किडकिडीत मुलगा उभा राहिला. नाव श्रीनिवास, खराडीत नोकरी. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला, मग वाकून नमस्कार केला.

"तुम्ही सैन्यात कधी होतात?" शालनताईंनी विचारलं.

"नाही हो, मॅडम. संगणक कधीकधी एकदम मान टाकतो ना, त्याला कर्नल पॅनिक म्हणतात. त्या कर्नलचं स्पेलिंगही वेगळं."

"म्हणजे वर्षभर मी एका बंद पडलेल्या संगणकाला साहेब म्हणत होते."

"मी सांगणार होतो. पण आमच्या ऑफिसात मला साहेब कुणी म्हणत नाही."

शालनताईंना हसू आलं ते आवरेना. हसू ओसरल्यावर त्यांनी चहा मागवला आणि श्रीनिवासने छापून आणलेली हरकत हातात घेतली. ती चौदा पानी होती. त्यात युरोप होता, अमेरिका होती, संविधानाची कलमं होती. शालनताईंनी पर्समधून पेन काढलं. संविधानाच्या ओळीला हात लावला नाही. बाकीचं कापत गेल्या. पोरं हळहळत होती. शेवटी एक पान उरलं. त्यात एकच मागणी होती: 'आवश्यक तितका काळ' या शब्दांऐवजी आकडा घालावा.

"एवढंच?" श्रीनिवास म्हणाला.

"वरचा साहेब एक पान वाचतो. दुसरं पान तो कारकुनाकडे देतो. कारकून कुणालाच देत नाही."

ईमेल पाठवली ती तासाभरात परत आली. पलीकडची पेटी भरली होती. पोरांनी त्यावर नवा धागा काढला आणि चाळीस जणांनी संताप नोंदवला. शालनताई दुसऱ्या दिवशी पोस्टात गेल्या आणि तेच पान रजिस्टर करून, पोचपावती लावून दिल्लीला धाडलं. बाराव्या दिवशी शिक्का मारलेली पोचपावती घरी आली. तिचा फोटो तंत्रकट्ट्यावर टाकला तेव्हा निम्म्या पोरांनी विचारलं, हे कुठलं अ‍ॅप.

आठ महिने काही झालं नाही. मग अंतिम नियम आले. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आवश्यक तितका काळ, परंतु दोन वर्षांहून अधिक नाही'. हे आपल्यामुळेच झालं, असं श्रीनिवासने जाहीर केलं. हजारो हरकती गेल्या असतील, आपल्यामुळे कशावरून, असं दुसऱ्याने विचारलं. त्या वादाला दोनशे प्रतिसाद आले. शालनताईंनी त्यात भाग घेतला नाही.

त्यांनी नियमांतलं ते पान मैत्रीकडून छापून आणवलं आणि संभाजीरावांपुढे ठेवलं. संभाजीराव शेंगा सोलत होते. हात पुसून त्यांनी पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"ही ओळ कुणी सुचवली, ते लिहिलंय कुठे?"

"नाही. असं लिहीत नाहीत."

"मग तुझी समजायला हरकत नाही," संभाजीराव म्हणाले. त्यांच्या हिशेबाने हे भाषणच होतं. जरा थांबून त्यांनी आणखी विचारलं, "आणि तो पोरगा? जेवला का पुढं?"

शालनताईंना क्षणभर कळेना, कोण पोरगा. मग कळलं की मैत्रीने त्यांचा तो प्रतिसाद वडिलांना कधीच वाचून दाखवला होता, आणि हा माणूस आठ-नऊ महिने तेवढंच विचारायचं मनात धरून बसला होता.

"माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "लाइन तुटली." आणि त्याही शेंगा सोलायला बसल्या.