डावी कळी

आमच्या देवीला चेहरा नव्हता. पाटासारखी रुंद, चपटी शिळा उभी रोवलेली, गुडघ्याएवढी उंच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने ती इतकी जाड झाली होती की खालचा दगड कुणी पाहिलेलाच नव्हता. आमच्या वाडीत सुपारी संपते आणि कोळीवाड्याची पायवाट सुरू होते, त्या जागी चार खांबांवर पत्रे टाकून तिला आडोसा केलेला होता. पुरुष तिला देवी म्हणत, लांबून हात जोडत आणि निघून जात. बायका तिला आई म्हणत. तिच्याशी एकेरीत बोलत, तिच्यावर रागावत, आणि फार झालं की तिच्या डोक्यावरून आपला पदर ओढून घेत. पदराखाली तोंड घालून तिच्या कानात काय ते सांगत. कान कुठला? दगडाला कान नव्हता. पण उजव्या अंगाला एक खळगा होता, तो सगळ्या बायकांना ठाऊक होता.

तिचं सगळं माझ्या वहिनी करत. दादा लवकर गेला. तेव्हापासून त्यांनी कपाळाला काही लावलं नाही, पण रोज सकाळी देवीला मात्र कुंकू लावलं. माझ्या आईने तिची सेवा त्यांच्याकडे दिली होती, बाईकडून बाईकडे जायची तशी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवीचं न्हाणं असे. नऊ रात्री झुंजून आलेली बाई म्हणजे बाळंतीणच, असं बायकांचं म्हणणं. मग तिला तेल-हळद चोळायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, शेक-शेगडी करायची, ओव्याची धुरी द्यायची आणि आळिवाचा लाडू पुढे ठेवायचा. आमच्या वाडीवाल्यांच्या बायका आणि कोळणी त्या दिवशी एकाच घंगाळाभोवती बसत. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. आडोशामागून हसणं ऐकू येई, कधी रडणंही. माझी बायको तिथून परत आली की डोळे सुजलेले आणि चेहरा मोकळा. मी विचारायचो, "काय सांगितलंस आज?"

"आईला सांगितलं. तुम्हाला कशाला?"

मी शाळेत मास्तर होतो. गावात माझ्या शब्दाला वजन होतं. घरात मी कसा होतो ते बायकोला माहीत होतं आणि, मला खात्री होती, त्या दगडालाही. माझा हात दोन-चारदा उठला होता. त्यापेक्षा जास्त वेळा जीभ उठली होती. बाजारातून येताना एखादी कोळीण माझ्याकडे बघून हसली, तरी हिला कळलंय असं मला वाटे. जे मी केलं ते देवळासाठी केलं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण हे आहे.

वादळात पत्रे उडाले, खांब पडले. निम्मी वाडी आडवी झाली. देवी मात्र होती तिथेच, अंगावर झावळ्यांचा ढीग घेऊन. मुंबईला असलेली गावची मंडळी म्हणाली, आता नीट देऊळ बांधू, संगमरवरी मूर्ती आणू, पुजारी ठेवू. देवळाच्या कमिटीचा मी अध्यक्ष झालो. नवी मूर्ती म्हणजे प्राणप्रतिष्ठा आली, म्हणजे विधवेने गाभाऱ्यात जायचं नाही हेही आलं. ते मी स्वतः वहिनींना सांगितलं.

त्या हसल्या. "तिला तरी कुठे नवरा आहे, भाऊजी? आम्ही दोघी सारख्याच."

"शास्त्र आहे वहिनी."

"असेल. पण जायचं की नाही ते तिला विचारा. ती जाते म्हणाली तर मी कुंकवाची वाटी खाली ठेवते."

म्हणजे कौल लावायचा. आमच्याकडची रीत अशी की दोन तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर कुणी शब्द काढत नाही. वहिनी तर नाहीच नाही.

वादळात मोडलेला फणस वाडीत पडून होता आणि त्याच्या चिरेतून चीक गळत होता. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी बोटभर चीक घेतला आणि देवीच्या डाव्या अंगाला, कळी लावतात त्या जागी, पातळ चोपडला. शेंदरावर तो दिसला नाही. हात धुतला तरी बोटं एकमेकांना चिकटत होती. पानावर बसलो तेव्हा बायकोने विचारलं, "काय लागलंय हाताला?"

"फणस उचलत होतो."

तिने खोबरेल आणून माझ्या बोटांवर ओतलं. चीक तेलानेच सुटतो.

संध्याकाळी सगळा गाव जमला. वहिनींनी स्वतःच्या हाताने कळ्या लावल्या. "आई, तुला उठायचं असेल तर उजवी दे. राहायचं असेल तर डावी दे. माझा विचार करू नकोस." एवढंच गाऱ्हाणं. उजवी कळी पडायला वेळ लागला नाही. पुरुषांनी जयजयकार केला. वहिनींनी वाटी खाली ठेवली, नमस्कार केला आणि घरी जाऊन भात लावला. रात्री मला वाढलाही.

दोन-चार दिवसांनी त्या मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. डावी कळी सुकून तपकिरी झाली होती आणि तशीच चिकटलेली होती. वारा होता, पाऊस येऊन गेला होता, तरी पडली नव्हती.

"बघा भाऊजी. अजून धरून आहे. तिचं मन नव्हतं हो जायचं. मीच घाई केली, मीच चुकीचं वाचलं."

 तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "वहिनी, आता सुकलेली फुलं वाचायला लागलात का? गाव हसेल." आणि कळी नखाने खरवडून टाकली. चिकाचा डाग तेवढा राहिला.

शिळेचं विसर्जन करायचं ठरलं होतं. पण समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या. ती बांधकामाच्या मागे वाळूच्या ढिगाशेजारी आडवी पडून राहिली. गवंडी बाहेरगावचा होता. एक दिवस मी गेलो तर तो छिन्नीने तिच्यावरचा शेंदूर काढत बसला होता. पोपडे पडत होते, आणि खाली साधा काळा दगड होता.

"मास्तर, धोंडा झकास आहे. पहिल्या पायरीला बसवू?"

मला तो नाही म्हणण्याचा क्षण नीट आठवतो. तो आला होता, आणि पुरेसा वेळ थांबला होता. मी म्हणालो, "बसव. पालथा बसव."

बायकांना सांगितलं की विसर्जन झालं. मासळी घेऊन दारात येणारी एक कोळीण होती, जिभेची धारदार. तिने टोपली खाली ठेवली. "कुनाच्या होरीतून न्हेलीत? आमच्या बंदरातून तर एक होरी सुटली न्हाय."

"रेवसला नेली. तिथून भाड्याची लाँच केली."

"आन आमाला सांगितलं न्हाय? आमची आय, आन आमी न्हाय?"

"समुद्रावर बायका कशाला?"

"व्हय, खरंच," ती म्हणाली. "बायकांना समुद्र कुठं म्हाईत! तुमालाच म्हाईत, शाळंतल्या नकाशातला." माझी बायको आतून हसली. मी तिच्याकडे पाहिलं, तशी गप्प झाली.

प्रतिष्ठेच्या दिवशी वहिनी देवळाबाहेर उभ्या होत्या. पुढे येईनात. लोकांत कुजबूज सुरू झाली, की दिराने भावजयीला हाकललं. मला ते नको होतं. मी खाली उतरलो, सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "वहिनी, या वर. लाजू नका. पाय द्या." त्यांनी चप्पल काढली, माझ्या हाताचा आधार घेतला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. लोकांना बरं वाटलं. कुणीतरी फोटोही काढला.

आत पितळी कठडा होता आणि कठड्यापलीकडे गोरीपान मूर्ती, नाकीडोळी नीटस. कानात बोलण्याइतकं जवळ कुणालाच जाता येत नव्हतं. पुढे कुणाला कौल हवा होता तेव्हा पुजाऱ्याने कळ्या लावून पाहिल्या. संगमरवर गुळगुळीत. दोन्ही कळ्या एकदम घरंगळल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा घरंगळल्या. तेव्हापासून तिला कुणी काही विचारलेलं नाही. न्हाणंही बंद झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायका ओहोटीच्या पाण्यात उभ्या राहून समुद्राची ओटी भरू लागल्या, कारण मी तिला तिथे पाठवलं होतं.

वहिनी थळला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांना साखरेचा आजार होताच. काही वर्षांनी उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आधी दोन बोटं काढली, मग निम्मं पाऊल. मी भेटायला गेलो. मला झोप लागत नव्हती म्हणून गेलो. खिडकीतून थळचा किनारा दिसत होता, आणि त्या खाटेवर बसून समुद्राकडे बघत होत्या.

"इथून तिला रोज नमस्कार करते," त्या म्हणाल्या. "पाणी तर एकच ना."

मग मी सांगितलं. चीक सांगितला, कळी सांगितली, गवंडी सांगितला.  मला वाटत होतं की त्या रागावतील, शिव्या देतील, आणि मी ते ऐकून घेईन. तेवढी तयारी करून गेलो होतो.

"पहिल्या पायरीला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी पाय दिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, वहिनी. दोष माझा."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि बँडेज बांधलेल्या पायाकडे बघितलं. 

"तरीच," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, वहिनी, ती साखर आहे, डॉक्टरांना विचारा, देवी असं करत नाही. आईला का कुणी असं म्हणतं? हे सगळं मी बोललो, आणि बोलत असतानाच मला कळत होतं की त्या ऐकत नाहीत. आजवर त्यांचा पाय आजाराने गेला होता. आता तो आईने नेला होता. मला हलकं व्हायचं होतं म्हणून मी तेवढा प्रवास करून त्यांना हे देऊन आलो.

निघताना त्यांनी हाक मारली. "बायकांना सांगा. त्या रोज पाय देतायत. आणि कुणाच्या कानात नका सांगू, मोठ्याने सांगा."

त्यानंतर त्यांनी दुसरा पायही जमिनीला लागू दिला नाही, असं लेक सांगत होती. पायरी असो नसो, खाली कुठे ती असेल कुणास ठाऊक, म्हणत. लेक उचलून न्यायची. पावसाळा संपायच्या आत गेल्या.

मी नवरात्रात सांगितलं, सगळ्या बायका ओट्या घेऊन रांगेत उभ्या असताना. पुजाऱ्याने माईक बंद केला, तरी सांगितलं. रांगेतल्या बायका एकेक करून मागे सरकल्या. ती कोळीण आता म्हातारी झाली आहे. ती पायरीकडे बघत म्हणाली, "मास्तर, तू आमच्याकडून आमची आय तुडवून घेतलीस. तुला तरी काय मिलालं?" मला तिने प्रथमच एकेरी हाक मारली. 

पायरी उखडायला कमिटी तयार झाली नाही. दगड हलवला तर जोतं खचेल म्हणतात, आणि शिळा तीच कशावरून, असंही म्हणतात. माझ्या शब्दाला आता वजन नाही.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलू? तेल मीच दिलं होतं तुम्हाला," ती म्हणाली आणि विळीवर नारळ खवत राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बंब पेटवला. कढत पाण्याची कळशी घेऊन ती देवळाकडे गेली. घराच्या ओट्यावरून मला पायरी दिसते. आणखी बायका आल्या होत्या. त्यांनी पायरीला तेल-हळद चोळली, पाणी घातलं, धुरी दिली. गाभाऱ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मग माझी बायको मातीत गुडघे टेकून बसली, पायरीवरून पदर ओढून घेतला आणि वाकली. पुष्कळ वेळ वाकलेली होती. मला पाठ फिरवून आत जायला हवं होतं, पुरुषांनी तिकडे बघायचं नसतं. मी बघत राहिलो. काय सांगत होती ते या वेळीही ऐकू आलं नाही.