मेस कोणी टाकली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेलाही नाही. सांगायला बसले की जीभ दुसरीकडेच वळते — आजही वळेल कदाचित.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावाशेजारी विद्यापीठ आलं. धानाच्या बांध्यांना लागून इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी भाड्यासाठी खोल्या काढल्या, झेरॉक्सची दुकानं टाकली. गाव वर आलं ते विद्यापीठामुळं, यात शंका नाही. माझं घरही वर आलं. पण ते कोणामुळं?

निर्मला आणि मी रोवण्याला सोबत जायचो, चिखलात शेजारी शेजारी वाकून धान लावायचो. ती बौद्ध मोहल्ल्यातली, मी कुणब्याच्या घरची — बांधीत त्याचं काही वाटत नसे. तीच एकदा म्हणाली, "ताई, एवढे पोट्टे येऊन राहिले, जेवतीन कुठं? आपण मेस टाकू."

घर माझं, कारण ते रस्त्यावर होतं. बाकी सगळं तिचं. बेसनाच्या पातोडीचा रस्सा तिचा, बाजार तिचा, कोणाला तिखट सोसत नाही हे लक्षात ठेवणंही तिचंच. मी ताटं वाढायचे.

दुसऱ्या वर्षी एका मुलीचे वडील चौकशीला आले. पोटभर जेवले, हात धुतले आणि विचारलं, "स्वयंपाक कोण करते?"

निर्मला चुलीपाशीच होती, हातात पळी. मला कोणी धमकावलं होतं का? नाही. ते उठून गेले असते तर एक ताट कमी झालं असतं, एवढंच. मी म्हणाले, "मीच करतो जी. ही भांडे घासाले येते."

तिनं ऐकलं. रोज आम्ही दोघी मिळून भांडी घासायचो — त्या दिवशी तिनं मला एका ताटाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. मी तिच्या घरी गेले, तर दारातूनच म्हणाली, "भांडे घासाले दुसरी बाई पाहून घ्या, ताई."

मी परत फिरले. आणि खरं सांगू? वाटेत मला हलकं वाटलं.

मेस चालली. रस्सा तिचाच, मी तोवर शिकले होते.

पुढं विद्यापीठामुळं गावाचं काय भलं झालं, हे लिहून घ्यायला तिथले विद्यार्थी घरोघर फिरले. माझ्याकडे आली ती निर्मलाची मुलगी. तिथंच अर्थशास्त्र शिकत होती. छापील कागदावरचे प्रश्न वाचत गेली. "मावशी, मेस कोणी टाकली?"

तिला माहीत नव्हतं? — होतं.

"मीनं."

तिचा पेन थांबला. "एकटीनं?"

मी हो म्हणाले. तिनं तसंच लिहिलं, माझी सही घेतली. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

त्यांच्या अहवालात माझा फोटो छापून आला — स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली बाई म्हणून. लोक घरी येऊन कौतुक करून गेले. निर्मलाचा नवराही आला होता. मी त्याला चहा दिला.

निर्मला अजून गावातच आहे. बाजारात भेटली की माझ्या गुडघ्यांची विचारपूस करते. मी बरं आहे म्हणते, आणि वांगी निवडत राहते. हे सगळं तिच्यासमोर बोलायचं होतं — आणि मी तुम्हाला सांगते आहे.