कमा

कुवेतला असताना आमच्या शेजारी सलमा नावाची एक सीरियन बाई राहायची. एकदा मी हौसेनं बाजारातून ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी, आणले. इटलीतले ट्रफल झाडांच्या मुळांशी वाढतात आणि कुत्री ते हुंगून काढतात, एवढंच मला वाचून माहीत होतं. हे मात्र वाळवंटातले होते, बटाट्यांसारखे ओबडधोबड. कसे करायचे ते विचारायला मी सलमाकडे गेले.

तिनं एक उचलून नाकाशी धरला. "हा आमच्याकडचा," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "आम्ही याला कमा म्हणतो. याला कुणी पेरत नाही. गडगडाट होऊन पाऊस पडला की काही आठवड्यांनी जमिनीला भेग पडते. तिथे उकरायचं."

"वेचायला मजा येत असेल," मी म्हणाले.

"माझा भाऊ गेला होता वेचायला. लढाईत तिथे सुरुंग पुरून ठेवलेले. भेग दिसली म्हणून तो वाकला."

न पेरता देणाऱ्या त्या जमिनीत माणसांनी काय पेरलं होतं!

"टाकून देऊ का हे?" मी विचारलं.

"का? कुणीतरी जीव मुठीत धरून वेचलेत. घरात काही नसलं की लोक अजूनही जातात."

तिनं ते सोलून तुपात परतले आणि आधी माझ्या ताटात वाढले. चव फार चांगली होती. तसं तिला सांगायला मात्र माझी जीभ उचलेना.