होडीतला माणूस कुणाला शोधत होता

कार्डिफच्या विद्यापीठात तो जपानी गेम डिझायनर बोलायला येणार आहे हे कळलं, तेव्हा मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात लगेच एका दिवसाची लीव्ह टाकली. मॅनेजरला घरचं काम आहे म्हणून सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

मी आठ वर्षांची असताना नागपूरला आईने सीताबर्डीच्या बाजारातून एक जुना व्हिडिओ गेम आणला होता, सोबत एकच कॅसेट. त्यात एक माणूस छोट्या होडीतून बेटं फिरायचा. प्रत्येक बेटावर कुणीतरी भेटायचं आणि खाली जपानी अक्षरं उमटायची. आई भाजी निवडता निवडता ती मला वाचून दाखवायची. या माणसाची बहीण लग्न होऊन फार लांब गेलीय, तो तिला शोधतोय, ही म्हातारी म्हणते की ती पुढच्या बेटावर असेल. आईला जपानी येत नाही हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. तरी मी तिला थांबवलं नाही. शेवटच्या बेटाआधी होडी खडकावर आपटायची. त्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही.

नोकरीला लागल्यावर मी तो होडीचा गेम बनवणाऱ्या या डिझायनरचे सगळे गेम शोधून खेळले. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने तिघाचौघांना घेऊन छोटा स्टुडिओ काढला होता. बंद पडलेल्या स्टेशनच्या मास्तरचा गेम, डोंगरात नुसतं चालत राहायचा गेम. शेवटचा तर फारसा कुणी घेतलाही नाही. त्याच्या गेममध्ये कुणाला मारायचं नसतं, कुठेतरी पोचायचं असतं.

स्टेजवर तो अगदी बारीक, थकलेला दिसला. प्रश्नांच्या वेळी मी हात वर केला. होडीतला माणूस कुणाला शोधतो ते विचारलं आणि आईची गोष्टही सांगितली. दुभाषी बाईंनी ती त्याला सांगितली. मग तो म्हणाला, होडीतला माणूस मीठ विकतो, कुणालाच शोधत नाही. पहिलाच गेम होता, गोष्ट लिहायला वेळच मिळाला नाही. लोक हसले. तो हसला नाही.

"तुमच्या आईंना ती बहीण सापडली का?" त्याने विचारलं.

"नाही. शेवटचं बेट आम्हाला जमलं नाही."

"तिथे फक्त एक रिकामं घर आहे. त्यांना सांगा, बहिणीला तिथे ठेवायला माझी हरकत नाही."

परतीच्या ट्रेनची वाट बघत मी स्टेशनवरूनच आईला फोन लावला आणि मिठाचं, रिकाम्या घराचं सगळं सांगितलं. समुद्रात राहणाऱ्यांना मीठ कशाला विकायचं, असं ती म्हणाली. तेव्हा मी विचारलं, तुला तर बहीण नाही, मग ती कुठून आणलीस?

"तू शिकून लांब जाशील, हे मला तेव्हाच दिसत होतं," आई म्हणाली. "तुला तसं कसं सांगणार?"

मग तिने डिसेंबरात येतेस का ते विचारलं. व्हिसा रिन्यूअलला टाकला होता, उत्तर येईपर्यंत देशाबाहेर जाता येणार नव्हतं. मी तसं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि मी जेवले का ते विचारू लागली. ट्रेनला अजून वीस मिनिटं होती, पण ट्रेन आली असं सांगून मी फोन ठेवला.